एका नकली मोटारीचा खरा संसार

पेट्रोलपंपावर आमची गाडी उभी राहिली कीं कोणी ना कोणी अनोळखी गृहस्थ जवळ येतोच. कौतुकानें तो गाडीभोंवतीं एक प्रदक्षिणा घालतो, तिच्या वाटोळ्या पाठीवरून हात फिरवावा कीं नाहीं असा क्षणभर विचार करतो, आणि मग ठरलेला प्रश्न विचारतो, "ही खरी आहे का?" गेल्या कित्येक वर्षांत हा प्रश्न आम्हांस किती वेळां विचारला गेला असेल याची गणती नाहीं. आम्ही दर वेळीं खरें तेंच सांगतों. गाडी नकली आहे. मग कांहींजण हंसून निघून जातात. कांहींची मुद्रा लग्नांत पाहिलेले दागिने बेगडी निघाल्यासारखी होते. थोडेजण मात्र मागच्या बाजूचें झांकण उघडून दाखवा म्हणतात. या तिसऱ्या वर्गांतील लोकांशीं आमची मैत्री जमते.

आम्ही कॅलिफोर्नियांत सॅन होजे शहराजवळ राहतों. ज्या गाडीविषयीं येथें लिहावयाचें आहे ती आमच्या गृहस्थाश्रमाची गरज नव्हती, हें आरंभींच कबूल केलेलें बरें. मुलांना शाळेंत सोडणें, भाजी आणणें, विमानतळावर पाहुणे आणावयास जाणें यांसाठीं दारांत एक शहाणी, मुकाट्यानें चालणारी मोटार आहेच. ही दुसरी केवळ हौस. हौसेला मोल नसतें असें आपण म्हणतों खरें. परंतु या हौसेच्या पायीं आमच्या घरांत एकदां असा प्रसंग आला कीं त्याचें मोल काय झालें असतें याची आठवण आजहि नकोशी वाटते. तो पुढें सांगूं. आधीं ही गाडी कोणाची नक्कल, तें सांगितलें पाहिजे.

अस्सल गाडीचें नांव पोर्शे ३५६ स्पीडस्टर. फर्डिनांड पोर्शे या विख्यात यंत्रज्ञानें जर्मनींत सामान्य माणसासाठीं जी लहान मोटार आंखली ती फोक्सवॅगन; पुढें तिच्या पाठीच्या गोलाव्यामुळें सर्व जग तिला 'बीटल' म्हणजे भुंगा म्हणूं लागलें. युद्ध संपल्यावर त्याचा मुलगा फेरी पोर्शे ऑस्ट्रियांतील ग्म्युंड नांवाच्या आडगांवीं होता. तेथें त्यानें व त्याच्या माणसांनीं स्वतःच्या नांवाची पहिली मोटार उभी केली, आणि ८ जून १९४८ रोजीं तिला रस्त्यावर चालविण्याचा परवाना मिळाला. त्या पहिल्या गाडीचें इंजिन, ब्रेक आणि चाकांचा जोड हा सारा ऐवज बीटलमधूनच घेतलेला होता. म्हणजे ज्या अस्सलाचा आज एवढा डौल, तें अस्सलहि भुंग्याच्याच पोटीं जन्मलेलें आहे! आमच्या गाडीस कोणी नांवें ठेवूं लागला कीं आम्ही ही वंशावळ त्यास ऐकवितों.

स्पीडस्टर हा प्रकार १९५४ सालीं निघाला. न्यूयॉर्क येथें युरोपांतील मोटारी आणून विकणारा मॅक्स हॉफमन नांवाचा मोठा व्यापारी होता. अमेरिकनांस उघडी, हलकी व स्वस्त गाडी द्या असा आग्रह त्यानें धरला. तेव्हां पुढची कांच बुटकी केली, छताच्या जागीं पातळ कापडी टप बसविला, दारांच्या कांचा काढून टाकल्या आणि किंमत २,९९५ डॉलर ठेवली. कॅलिफोर्नियाच्या उन्हांत ही गाडी फार लोकप्रिय झाली. जेम्स डीन या तरुण नटाजवळहि १९५५ सालीं एक होती. (त्याच वर्षीं ज्या अपघातांत तो गेला ती गाडी मात्र पोर्शेचीच, पण दुसऱ्या जातीची.) १९५८ पर्यंत चार-पांच हजारांच्या घरांतच स्पीडस्टर निघाल्या. आज त्यांतली एखादी विकावयास आली तर दोन-अडीच लक्ष डॉलर पडतात, आणि ज्याच्याकडे असते तो ती पावसांत काढीत नाहीं, उन्हांतहि काढीत नाहीं.

भुंग्याची गोष्ट याच्या अगदीं उलट. मेक्सिकोंतील पुएब्ला येथें जुलै २००३ मध्यें शेवटचा भुंगा बाहेर पडला, तोंपर्यंत त्यांची संख्या दोन कोटी पंधरा लक्षांवर गेली होती. त्यामुळें त्याचा प्रत्येक सुटा भाग आजहि मिळतो, आणि अमेरिकेंतील कारागिरांनीं युक्ति काढली ती यावरच. बीटलच्या पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर २,४०० मिलिमीटर, स्पीडस्टरचें २,१००. तेव्हां जुन्या बीटलचा तळ मध्यें तीनशें मिलिमीटर कापावयाचा, दोन्ही तुकडे जोडून वेल्डिंग करावयाचें, आणि वर स्पीडस्टरच्या सांच्यांतून काढलेलें फायबर ग्लासचें अंग बसवावयाचें. आमची गाडी अशीच १९६९ च्या एका बीटलवर चढविलेली. ज्यानें ती बांधली त्याचें नांव येथें नको. परंतु त्या भल्या माणसानें आंतील विजेच्या सर्व तारा एकाच काळ्या रंगाच्या वापरल्या होत्या. डावा दिवा लावला कीं भोंगा वाजे, याचें कारण शोधतांना आमचे तीन शनिवार खर्ची पडले. उजवें दार उन्हाळ्यांत लागत नाहीं आणि हिवाळ्यांत उघडत नाहीं. टपांतून पाऊस नेमका चालविणाराच्या डाव्या गुडघ्यावर पडतो. हीं सर्व दुखणीं किरकोळ. या गाडीचा खरा स्वभाव तिच्या इंजिनांत आहे.

सामान्य मोटारीच्या इंजिनाभोंवतीं पाणी खेळतें. तें तापतें, पुढच्या जाळींत जाऊन निवतें व परत येतें. या इंजिनांत पाणी नाहींच. गाडी थंड देशांत रात्रभर उघड्यावर उभी राहणार, पाणी गोठून इंजिन फुटेल, म्हणून थोरल्या पोर्शेनें पाण्यालाच रजा दिली. चार नळकांडीं आहेत. दोन डाव्या अंगास, दोन उजव्या अंगास, आडवीं निजलेलीं. त्यांच्या अंगावर पातळ पात्यांच्या कडा काढलेल्या, म्हणजे वाऱ्यास अधिक अंग मिळावें. वर एक पंखा असतो. तो वीज करणाऱ्या जनरेटरच्याच दांड्यावर बसविलेला असून दोघांनाहि एकच रबरी पट्टा फिरवितो. पंखा वरून थंड वारा ओढतो; पत्र्याच्या कवचांतून तो वारा नळकांड्यांवर ओततो, आणि तापलेला वारा खालून बाहेर जातो. उरलेलें काम तेलाचें. तेल तरी किती? अवघें अडीच लिटर. आणि मूळ रचनेंत त्याला गाळणी म्हणजे एक साधी जाळी. पुढें बसलेल्या माणसासमोर एक लहानसा लाल दिवा असतो. इतर मोटारींत तो लागला तर 'वीज भरत नाहीं, सवडीनें पाहूं' असें म्हणून घरापर्यंत जातां येतें. येथें तो लागला तर पट्टा तुटला, म्हणजे पंखाहि थांबला असें समजून जेथें असाल तेथेंच थांबावें लागतें. आमच्या गाडींत एक जादा पट्टा, २१ नंबरचा पाना व एक मोठा स्क्रू ड्रायव्हर कायमचे असतात. पट्टा बदलावयास पंधरा मिनिटें लागतात. त्याचा ताण चकतीच्या दोन अर्ध्या भागांत पातळ वॉशर कमी-अधिक घालून ठरवावयाचा, ही त्यांतली गंमत आहे.

चार नळकांड्यांत तिसरें नेहमींच दुर्दैवी. तेल थंड करण्याची पेटी जुन्या रचनेंत वाऱ्याच्या वाटेंतच, तिसऱ्याच्या डोक्यावर उभी असे. त्यामुळें तिसऱ्याच्या वांट्यास येणारा वारा अडलेला व आधींच तापलेला. १९७१ च्या नमुन्यापासून ही पेटी बाजूस सरकविली गेली. परंतु आमचें इंजिन मागच्याच पिढींतलें. मोठ्या एकत्र कुटुंबांत सर्वांचीं पानें वाढून झाल्यावर जेवावयास बसणारी एक सून असते, तसें हें तिसरें नळकांडें.

त्यानंतर झडपा. यांना आपल्याकडचे मिस्त्री टॅपेट म्हणतात. प्रत्येक झडपेच्या शेंड्यावर सहा सहस्रांश इंचाची फट ठेवावयाची. म्हणजे दोन पोस्टकार्डांच्या जाडीहूनहि कमी. इंजिन तापलें कीं धातु वाढतो, त्यास ही जागा हवी. ती मोजावयाची तर इंजिन रात्रभर थंड पडलेलें पाहिजे. पहिल्या नळकांड्याची खूण जुळवून त्याच्या दोन झडपा पाहावयाच्या, मग चकती हातानें अर्धा फेरा उलटी फिरवून दुसऱ्याच्या, पुन्हां अर्धा फेरा, तिसऱ्याच्या, मग चौथ्याच्या. दर तीन हजार मैलांस हें केलेंच पाहिजे. नवशिक्यास वाटतें, झडप खडखडूं लागली म्हणजे दुखणें आलें. तसें नाहीं. खडखडणारी झडप बरी. जी गप्प बसते तिची फट मिटत चाललेली असते. ती पुरती बसत नाहीं, तिची उष्णता निघून जात नाहीं, आणि एके दिवशीं ती जळते किंवा तुटून दट्ट्यावर पडते. हें ज्ञान आम्हांस जॉन म्युअर यांच्या पुस्तकानें दिलें. हे म्युअर मूळचे इंजिनियर. तो पेशा सोडून न्यू मेक्सिकोंत फोक्सवॅगन दुरुस्त करीत राहिले, आणि १९६९ सालीं अगदीं अडाण्यासहि समजेल असें दुरुस्तीचें पुस्तक त्यांनीं काढलें. आमच्या प्रतीचीं पानें तेलानें पारदर्शक झालीं आहेत.

एवढें सर्व ठाऊक असूनहि आम्ही फसलों. जुलै २०१९ मधली गोष्ट. आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा शिक्षणासाठीं नुकताच आमच्याकडे आला होता. त्यास समुद्र दाखवावा म्हणून सांताक्रूझला निघालों. वाटेंत डोंगर आहे. सतरा नंबरचा हमरस्ता वळणें घेत सुमारें अठराशें फूट चढतो. ऊन कडक होतें. तेलाच्या उष्णतेचा कांटा अडीचशें फॅरनहाइटवर गेला आणि चढावरच इंजिन आचके देऊन बंद पडलें. नळींतल्या पेट्रोलची उष्णतेनें वाफ झाली होती. हें आमच्या गाडीस नवें नव्हतें. त्यापूर्वींच्या वर्षांत या एका दुखण्यासाठीं आम्हीं कॉइल बदलली, कार्ब्युरेटरची जोडी बदलली, पंप बदलला. औषधें पुष्कळ झालीं, निदान झालें नव्हतें. अर्ध्या तासानें इंजिन निवलें व सुरू झालें. उतारास लागल्यावर पुतण्या म्हणाला, "काका, पेट्रोलचा वास येतोय का?"

"जुन्या गाडीला थोडा येतोच," आम्ही म्हणालों.

पुढच्या वळणावर त्यानें पुन्हां विचारलें. तिसऱ्या वेळीं विचारलें नाहीं, थांबाच म्हणाला. आम्ही जरा चिडूनच गाडी कडेस घेतली. झांकण उघडलें तों डाव्या कार्ब्युरेटरकडे जाणारी रबरी नळी तडकलेली, आणि तींतून पेट्रोल थेंबथेंब पत्र्यावर, जेथें ठिणगी वांटणारें यंत्र बसतें त्याच्या जवळ पडत होतें. या इंजिनाचें अंग मॅग्नेशियम मिश्रित धातूचें असतें. तें एकदां पेटलें तर पाण्यानें विझत नाहीं, उलट भडकतें. आग विझविण्याचें नळकांडें आम्हीं विकत घेतलेलें होतें. तें घरीं गॅरेजच्या फळीवर, वेष्टणांत, सुरक्षित होतें. गाडी बंद करून मुलाला शंभर पावलें दूर उभें केलें आणि ओढून नेणाऱ्या ट्रकची वाट पाहत दीड तास बसलों. त्या दीड तासांत पुतण्या एक अक्षर बोलला नाहीं. त्यानें बोलावयास हवें होतें असें वाटत होतें.

रात्रीं सौभाग्यवतींस सर्व सांगितलें. लपविण्याचा विचार मनांत आला नव्हता असें नाहीं. त्या बराच वेळ भांडीं पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "अहो, तुम्ही एकटे असतां तर मी कांहीं बोललें नसतें. भाऊजींनीं पोर आपल्या भरंवशावर इतक्या लांब धाडलं आहे." यावर उत्तर नव्हतें. दुसऱ्या दिवशीं विक्रीची जाहिरात लिहिली. सर्व दोष प्रामाणिकपणें लिहिल्यामुळें असेल, गिऱ्हाईक आलें नाहीं.

ऑक्टोबरांत आमचे तीर्थरूप नाना पुण्याहून सहा महिन्यांसाठीं आले. आमच्या लहानपणीं घरीं एक बजाज चेतक स्कूटर होती. ती सुरू होण्यापूर्वीं डाव्या अंगास वांकवावी लागे, हें त्या पिढींतील वाचकांस सांगावयास नको. दर रविवारीं नाना प्लग काढून पॉलिशपेपरनें घांसत, आणि आम्ही शेजारीं बॅटरी धरून बसत असूं. बॅटरी हलली कीं बोलणीं खात असूं. त्या स्कूटरचें इंजिनहि हवेवरच थंड होणारें. चाकावर पंखा आणि भोंवतीं पत्र्याचें कवच. एकदां घाईंत कवच न लावतांच नाना साताऱ्यास निघाले आणि कात्रजच्या घाटांत दट्ट्या अडकून गाडी जाम झाली. ही कथा आमच्या घरांत शेकडों वेळां सांगून झाली आहे. तिचा कांहीं उपयोग होईल असें मात्र कोणास वाटलें नव्हतें.

नानांनीं तडकलेली नळी हातांत घेऊन पाहिली. "नळी कुजली, ती बदल," ते म्हणाले. येथील पेट्रोलांत दहा टक्के इथेनॉल असतें, आणि जुन्या धर्तीचें रबर त्यास टिकत नाहीं. (हिंदुस्थानांत आतां वीस टक्क्यांचें पेट्रोल आलें आहे, जुन्या स्कूटरी बाळगणाऱ्या वाचकांनीं आपल्या नळ्या एकदां पाहाव्या.) "पण नळी का कुजली हा एक प्रश्न झाला. इंजिन इतकं तापतं का, हा दुसरा. तू पहिल्याचीच औषधं करतोस." मग त्यांनीं सुनेकडून शिवणाचा दोरा मागून घेतला, त्याचा वीतभर तुकडा एका लांब काडीस बांधला, आणि इंजिन सुरू करावयास सांगून ती काडी कवचाच्या कडेकडेनें फिरविली. पुढच्या बाजूस दोरा खालीं लोंबत राहिला. मागें डाव्या कोपऱ्यांत येतांच तो ताडकन् वर उडाला.

"बघ. खालून वर येतोय वारा. हात लाव, गरम आहे. तुझा पंखा तापलेला वाराच पुन्हा पितोय नि तोच इंजिनावर ओततोय."

येथें घोडें पेंड खात होतें. बीटलमध्यें इंजिनाचा पत्रा आणि गाडीचें अंग यांच्या मध्यें सर्व बाजूंनीं रबरी पट्टी असते. वरचा थंड भाग व खालचा तापलेला भाग ती निराळे ठेवते. आमच्या बांधणाऱ्यानें स्पीडस्टरचें अंग चढवितांना ती पट्टी तीन बाजूंस बसविली होती, चवथ्या बाजूस ती पुरत नव्हती म्हणून सोडून दिली होती. बोटभर रुंद व हातभर लांब एवढी ती फट. वीस डॉलरांची पट्टी आणि ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा एक कापलेला तुकडा यांनीं ती बुजली. त्यानंतरच्या चढावर कांटा सव्वादोनशेंच्या पुढें गेला नाहीं. कॉइल, पंप आणि कार्ब्युरेटर यांवर आम्हीं जो खर्च केला होता त्याचा आंकडा नानांनीं विचारला. आम्हीं अर्धाच सांगितला.

सौभाग्यवतींच्या अटी तरीहि ठरल्याच. अग्निशामक नळकांडें आसनाखालीं असावें, नळ्या दर दोन वर्षांनीं बिनतक्रार बदलाव्या, वर्षभर कोणत्याहि मुलास गाडींत घेऊं नये, आणि वास आला असें कोणीहि म्हटलें कीं वाद न घालतां थांबावें. शेवटची अट आमच्यासाठींच होती. जाहिरात काढून टाकली.

नाना एप्रिल २०२० मध्यें परत जावयाचे होते. मार्चांत साथीमुळें विमानें बंद झालीं आणि ते शरदापर्यंत आमच्याकडेच अडकले. त्या महिन्यांत कोणी कोठें जात नव्हतें. गाडी मात्र दर रविवारीं गॅरेजांतून बाहेर निघून अंगणांत उभी राही. नानांचा हात आतां थरथरतो, त्यामुळें फीलरची पट्टी त्यांस फटींत घालतां येत नाहीं. परंतु आम्हीं ती घातली कीं ते तिचें टोंक दोन बोटांत धरून ओढून पाहत आणि सांगत, "सैल आहे," किंवा "आवळली." आमच्या डोळ्यांना न दिसणारा फरक त्यांच्या बोटांस कळे. एरव्हीं ते शेजारीं खुर्ची टाकून बॅटरी धरून बसत. ती हलली तर आम्ही कांहीं बोलत नसूं. पुतण्याहि येऊन बसूं लागला. आठव्या झडपेपर्यंत तो टिकला आणि पुढच्या वेळीं पाना त्यानेंच हातीं घेतला.

कोणीं अशी गाडी घ्यावी का, असें आम्हांस पुष्कळजण विचारतात. ज्याला वेळेवर पोंचावयाचें असतें त्यानें घेऊं नये. ज्याला नखांत काळें राहिलेलें चालत नाहीं त्यानेंहि नको. गाडीखालीं सकाळीं तेलाचा ठिपका दिसला तर ज्याचें मन विटतें त्यानें तर मुळींच नको. कारण या इंजिनास ठिपका पडला नाहीं तर आंत तेल उरलें आहे कीं नाहीं तें पाहावें लागतें. खर्चाचा हिशेब आम्ही एका वहींत लिहून ठेवितों. ती वही कपाटांत वरच्या कप्प्यांत असते.

नाना आतां पुण्यास असतात. वय ऐंशीच्या पुढें गेलें आहे, ऐकूं कमी येतें, म्हणून फोनवर मोठ्यानें बोलावें लागतें. प्रकृतीच्या चौकश्या आटोपल्या कीं त्यांचा प्रश्न ठरलेला असतो. गेल्या रविवारींहि त्यांनीं विचारलें, "टॅपेट केलेस का?"

"आज सकाळींच केले."

"किती ठेवलेस?"

"सहा."

"आणि तीन नंबरचा?"

तीन नंबर पुन्हां एकदां पाहून सांगतों, असें म्हणून आम्हीं फोन ठेवला. कारण तो पांचच भरला होता.